डिस्क इमेज घ्यावी की फोल्डर सिंक करावेत?

प्रश्न (जुळे सोलापूरकर)
नमस्कार. आम्ही दोघे मिळून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या महिन्यात भर दुपारी वीज गेली, यूपीएसने दोन मिनिटेही तग धरला नाही आणि माझ्या मशीनची एसएसडी गेली ती गेलीच. कोड गिटच्या (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हरवर असल्याने एक ओळही हरवली नाही. मात्र जुने पीएचपी (सॉफ्टवेअरची भाषा), त्याची एक्स्टेन्शन्स, मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि चलन छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाचे माप हे सारे पुन्हा जुळवण्यात चार दिवस गेले. आता संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे सिस्टिमसकट हुबेहूब प्रत, घेऊन ठेवावी, की सिंकथिंग बसवून दोन्ही मशीनवरचे फोल्डर सतत सारखे ठेवावेत?

प्रतिसाद १ (सात रस्ता)
आपले चार दिवस मशीन उभे करण्यात गेले, फाइली शोधण्यात नव्हे. तेव्हा सिंक हा आपल्या दुखण्यावरचा इलाज नाही. शिवाय एका मशीनवर चुकून पुसलेले फोल्डर सिंक इमानेइतबारे दुसऱ्यावरूनही पुसते, आणि जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सिंकथिंगमध्ये असली तरी ती आपण होऊन चालू करावी लागते. गिटची रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास असलेले फोल्डर) तर सिंकमध्ये ठेवूच नये. दोघांनी एकाच वेळी कमिट केले (बदल नोंदवले) की डॉट-गिट फोल्डरमधल्या फाइली मागेपुढे पोहोचतात, त्यांत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाच्या प्रती उगवतात आणि रिपॉझिटरी बिघडू शकते. हे मी एकदा भोगले आहे.

प्रतिसाद २ (नवी पेठ)
इमेज घ्यायला मी क्लोनझिला वापरतो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून इमेज घ्यावी लागते, म्हणजे तेवढा वेळ काम बंद. पण फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एनटीएफएस किंवा एक्स्ट४ असेल तर डिस्कचा वापरलेला भागच उचलला जात असल्याने इमेज आटोपशीर राहते. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: ५१२ जीबी डिस्कची इमेज ४८० जीबीच्या एसएसडीवर सरळ उतरत नाही, आणि घाईच्या दिवशी दुकानात नेमकी तीच मिळते. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

प्रतिसाद ३ (होटगी रोड)
इमेज शिळी होते, हे कोणी बोलले नाही. महिन्यापूर्वीची इमेज उतरवली की डेटाबेसही महिन्यापूर्वीचाच येतो, म्हणून मायएसक्यूएल-डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) रोज रात्री वेगळा काढून दुसऱ्या जागी ठेवावाच. पीएचपी आणि मायएसक्यूएलची मांडणी डॉकरच्या (सॉफ्टवेअर त्याच्या मांडणीसकट चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलीत लिहून ती गिटमध्ये टाकली, तर इमेजची गरजही बरीच कमी होते. प्रिंटर तेवढा बाहेर उरतो.

जुळे सोलापूरकर
आभार. मशीनची मांडणी बदलेल तेव्हा इमेज आणि रोज रात्री डंप, असे ठरवले आहे. सिंक फक्त गिऱ्हाइकांच्या बिलांच्या नमुन्यांपुरते ठेवू. रविवारी एक जादा एसएसडी लावून इमेज खरोखर उतरते का ते पाहतो आणि प्रिंटरने चलन नीट छापले की नाही ते येथेच कळवतो.