टर्नर झाला म्हणजे बंदूक मिस्त्री झाला का?

काटाकानस: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "लेथवर हात बसलेला माणूस यंत्रमाग उभा करतो, त्याला दुनळी बंदुकीत काय अवघड? लायसन म्हणजे नुसता कागद." गप्प बसवत नाही. साधी फायरिंग पिन घ्या, काडतुसाच्या टोपीवर आदळून बार उडवणारी. मऊ लोखंडाची केली तर टोक फुलून भोकात अडकतं. तापवून पाणी दिलं आणि परत थोडी तापवून टेम्पर केली नाही तर मोडते. टोक अर्धगोल नसेल तर काडतुसाची टोपी फुटून गॅस तोंडावर येतो.

अक्कलकोट रोड: हे सगळं टूलरूमचंच काम आहे. दोन वर्षं आयटीआय फिटर केलेला ते करतो. उलट वारसाने मिस्त्री झालेले घोडा अडकून राहतो ती खाच कानसून ट्रिगर हलका करून देतात, मग एक नळी झाडली की धक्क्याने दुसरीही सुटते. बाप मिस्त्री होता ही पात्रता नव्हे!

काटाकानस: खाच कानसणाऱ्याची बाजू मी घेतलीच नाही. जुन्या विलायती दुनळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंची असतं. पावणेतीनचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण तो आकडा झाडल्यावर उघडलेल्या केसचा. तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. चेंबर गेज घालून बघायचं असतं, हे तुमच्या फिटरला कोण सांगणार?

ऊसवाला, मोहोळ: ते राहू द्या. आचारसंहितेत जमा केलेल्या बंदुका गंजून परत येतात, त्यावर बोला की!

काटाकानस: कापडी खोळीत देऊ नका, ती ओल धरते. नळीला आतून पातळ तेलाचा हात द्या, पण थापू नका. जास्तीचं तेल लाकडी दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडतं.

ऊसवाला, मोहोळ: आणि गंज चढलाच तर? एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याकडून गंज काढून नळी काळी करून घेऊ?

काटाकानस: दुनळी अजिबात नको! कॉस्टिकच्या गरम बाथमध्ये दोन नळ्यांमधल्या पट्टीचा कथलाचा डाख खाल्ला जातो. पट्टीखाली शिरलेला क्षार नंतर आतून गंजवतो. दुनळीला सावकाश गंज चढवून, उकळून, घासूनच काळं करायचं.

अक्कलकोट रोड: डाखाचं मान्य. प्लेटिंगवाल्याला ते कळणार नाही, फिटरलाही नाही. पण पाया फिटरचाच हवा, त्यावर बंदुकीचं काम हाताखाली शिकावं. पुढचं लाकूड काढून नळ्या हलवल्या आणि खटखटल्या, तर बिजागरीची पिन बदलायची की पत्रा कोंबायचा, एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

काटाकानस: पत्रा कोंबणारा बाद. पण शस्त्र कायदा १९५९, कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवाना नसेल तर पिन कितीही सुबक करा, बंदुकीला हात लावायचा नाही.

ऊसवाला, मोहोळ: जमा करताना पावतीवर नळीची अवस्था लिहून मागावी का?

अक्कलकोट रोड: मागाच. शिवाय नळी उजेडाकडे धरून आतला फोटो काढा, दुसरा बंदुकीवरच्या नंबराचा.