लाखो नोंदींचा आलेख: एसव्हीजी सोडून कॅनव्हासवर जावं का?

दूधगंगाकाठ:
2019 च्या महापुरानंतर आमच्या सदलग्याच्या पोरांनी दूधगंगेच्या पुलाला पाण्याची पातळी मोजायचं यंत्र बसवलं. दर 15 मिनिटांना एक नोंद, म्हणजे वर्षाला 35,040. सहा वर्षांत दोन लाख दहा हजार झाल्या. डी-थ्री ही आलेख काढायची लायब्ररी वापरून एसव्हीजीत (म्हणजे प्रत्येक आकार वेगळा लिहून ठेवणाऱ्या चित्रप्रकारात) केलेला आलेख पहिल्या पावसाळ्यात झकास चालला. आता साध्या फोनवर पान उघडलं की अडकतं, बोट सरकवलं तर रेषा मागून हलते. रात्री दोनला लोक हेच पान बघून जनावरं हलवायची का ते ठरवतात हो! माझं मत स्पष्ट आहे: एसव्हीजी सोडावं. त्यात प्रत्येक ठिपका डॉममधला (ब्राउझरनं ठेवलेल्या पानाच्या घटकांच्या रचनेतला) वेगळा घटक, ब्राउझरला प्रत्येकाचा हिशोब ठेवावा लागतो. कॅनव्हास म्हणजे पानातली रंगवायची कोरी पाटी, तिच्यावर एकदा रंगवलं की फक्त पिक्सेल उरतात.

टिळकवाडी:
मला नाही पटत. दोष एसव्हीजीचा नाही, दोन लाख ठिपके काढण्याचा आहे. फोनची रुंदी 360 पिक्सेल धरा. एकेका उभ्या पट्टीत 584 नोंदी एकमेकींवर बसतात. त्या कोण वाचणार? रोजची सरासरी काढा, सहा वर्षांचे जेमतेम 2,200 बिंदू होतील.

निपाणी मास्तर:
सरासरी? नदीच्या बाबतीत हे बोलूच नका. राजापूर बंधाऱ्यातून कृष्णेत विसर्ग वाढला, त्यात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी मिळालं, की पातळी काही तासांत चढते. दिवसाच्या सरासरीत ते शिखर बुडतं आणि नेमकं तेवढंच आम्हाला बघायचं असतं. प्रत्येक पट्टीतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद घ्या. 360 पट्ट्यांचे 720 बिंदू, आणि एकही शिखर सुटत नाही. झूम केलं की तेवढ्याच काळासाठी पुन्हा तोच हिशोब.

टिळकवाडी:
मास्तर, सरासरीचं माझं चुकलं. पण मग माझंच म्हणणं पक्कं होतं की! 720 बिंदूंचा एक पाथ (एसव्हीजीतली सलग रेषा) म्हणजे डॉममध्ये एकच घटक. कॅनव्हास कशाला?

दूधगंगाकाठ:
झूमगणिक सर्व्हरला विचारायचं का? पुरात वीज जाते, नेटवर्कही जातं. म्हणून सगळ्या नोंदी फोनमध्येच हव्यात. पातळी सेंटीमीटरमध्ये पूर्णांकात ठेवली तर नोंदीला 2 बाइट पुरतात, सगळं मिळून 420 केबी. पट्ट्यांचा हिशोब वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागं वेगळ्या चालणाऱ्या कामात, ढकलला की पान अडकत नाही. बोटाखालची नोंद शोधायला ठिपक्यांची गरजच नाही. नोंदी वेळेनुसार लावलेल्या असतात, निम्मे-निम्मे करत गेलं की 18 तुलनांत सापडते. पण बोट हलताना चित्रही हलायला पाहिजे. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एकाला 16.7 मिलिसेकंद, आणि एवढ्यात एसव्हीजी पुन्हा रचण्यापेक्षा कॅनव्हास पुसून पुन्हा रंगवणं मला खात्रीचं वाटतं.

खानापूर:
आधी मोजलंत का? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये परफॉर्मन्स नोंदवून बघा. आम्ही तालुक्याच्या पावसाचा आलेख केला तेव्हा चित्राला शिव्या देत होतो, आणि वेळ खात होतं भलंमोठं जेसन (मजकुराच्या रूपात आलेल्या नोंदी) उलगडणं! तुमच्या 2 बाइटांच्या नोंदींनी ते दुखणं जाईल. मात्र आलेखाऐवजी शेतांचा नकाशा काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीपासून खालपर्यंतचे शेतांचे हजारो तुकडे बोटानं लहान-मोठे करायचे तर मी वेबजीएलच (फोनच्या ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणारं तंत्र) घेईन.

टिळकवाडी:
नकाशाला मान्य. पण आमच्या गल्लीतल्या दृष्टिहीन काकांचा फोन पान वाचून दाखवतो. कॅनव्हासवर रंगवलेला आकडा त्याला दिसतच नाही. "आत्ताची पातळी" त्यांनाही कळायला पाहिजे.

दूधगंगाकाठ:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई. मग रेषा कॅनव्हासवर, वर अक्ष आणि आकडे एसव्हीजीत, आणि आत्ताची पातळी आलेखाबाहेर साध्या मजकुरात, मराठीत आणि कन्नडमध्ये. रेषा मात्र मी पाथमध्ये ठेवणार नाही.

टिळकवाडी:
एकदा ठेवून मोजा. गावातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर.