मदत हवी आहे: होडीचं मशीन बाहेर गेलं की दम सोडतं

भाटीकर:
आउटबोर्ड आहे, होडीच्या मागे टांगायचं मशीन, जुनं. निघताना झकास पळतं. थोडं बाहेर गेलं की दम सोडतं, हँडल पूर्ण पिळलं तरी रडत चालतं. जरा वेळ बंद ठेवलं की परत ठीक, आणि परत तेच. प्लग नवीन टाकलेत. मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतो पिस्टन-रिंगचं काम काढावं लागेल. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यापासून हेच चाललंय. शनिवारी जायचंय. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, अंदाज नकोत.

खाडीवाला:
किती एचपी? टू-स्ट्रोक की फोर? पेट्रोल की रॉकेल? आणि दम सोडतं म्हणजे मशीनचा आवाज खाली बसतो, की आवाज चढतो आणि होडी तिथल्या तिथे? दोन्ही आजार वेगळे आहेत.

भाटीकर:
सगळ्यांकडे असतं तेच हो. ४० एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर.

वसईचा_पाव:
पंख्याच्या आतला रबरी बुश घसरतोय, १०० टक्के. माझ्या मेहुण्याचं हेच झालेलं. पंख्याच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या अंगावर मिळून एक सरळ रेघ मारा, फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर बुश गेला.

खाडीवाला:
@वसईचा_पाव, बुश घसरला तर आवाज चढेल. त्यांनी ते अजून सांगितलेलंच नाही.

भाटीकर:
आवाज खाली बसतो.

वसईचा_पाव:
तरी रेघ मारून बघा. फुकट आहे.

इथेनॉल_हटाव:
E20! दुसरं काही नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या मशीनचे पाइप आणि रबर त्यासाठी बनलेलेच नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. खाडीच्या हवेत टाकी अर्धी रिकामी ठेवलीत की झालंच.

अंधेरी_लोकल:
माझी बाइक त्याच पेट्रोलवर मस्त चालते. उगाच प्रत्येक धाग्यावर तेच.

इथेनॉल_हटाव:
तुमची बाइक जून-जुलै ताडपत्रीखाली झाकून उभी होती का?

पेन्शनर_मेकॅनिक:
दोघेही जरा थांबा. बाइक हा दाखला नव्हे, पण सगळंच E20 वर ढकलू नका. भाटीकर, बंदीच्या आधीचं पेट्रोल टाकीत तसंच होतं का? पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं. टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळलेलं तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे टू-स्ट्रोकला बिनतेलाचं पाणी मिळतं. पिस्टन तिथे जातो. तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं फेका.

आता मुख्य. थांबून परत चालू होतं, याला माझ्या मते दोन कारणं: पेट्रोल पुरत नाही, किंवा गरम झाल्यावर प्लगला ठिणगी पुरवणारी कॉईल मरते. ओळखायचं असं. दम गेला की कोणाला तरी लाइनमधला रबरी फुगा दाबायला लावा. मशीन उठलं तर रोग पेट्रोलचा. फुगा चपटा झालेला असेल तर फुग्याच्या आधी, टाकीकडे अडलंय. गोल असेल आणि दाबल्यावर मशीन उठत असेल तर मशीनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बघा. दाबूनही काही होत नसेल तर कॉईलकडे वळा. आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो ना?

भाटीकर:
स्क्रू उघडा असतो. लहान पोराला विचारल्यासारखं विचारू नका. पेट्रोल नवीन आहे.

पेन्शनर_मेकॅनिक:
विचारावं लागतं. बंद स्क्रूमुळे रिंग बदललेली मशीनं मी पाहिलीत.

मार्वे_जेट्टी:
पाण्याची पिचकारी येते का मागून? आपल्या खाडीत प्लास्टिकची पिशवी इनटेकला, म्हणजे थंड करायचं पाणी आत घेणाऱ्या भोकांना, चिकटली की मशीन तापतं. ते पाणी वर ढकलणारा रबरी इम्पेलर बदलला का कधी?

अंधेरी_लोकल:
एकेका प्लगची टोपी काढून बघा ना, ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेला. सोपं.

पेन्शनर_मेकॅनिक:
चालू मशीनवर टोपी हवेत सोडू नका, सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) उडेल. करंट पण चांगलाच बसतो. टोपीत जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवून ठेवा, मग करा.

अंधेरी_लोकल:
आम्ही वर्षानुवर्षं तसंच करतो, काही उडत नाही.

पेन्शनर_मेकॅनिक:
तुमचं मशीन, तुमचा सीडीआय.

कोळंबी_लव्हर:
जुनं विकून फोर-स्ट्रोक घ्या, तेल मिसळायची कटकट नाही. बाय द वे, शनिवारी पापलेट मिळालं तर कळवा, बोरिवलीपर्यंत येईन घ्यायला.

भाटीकर:
मासळी नंतर. पिचकारी जोरात येते. खाडीच्या तोंडाशी दम गेला तेव्हा भावाने फुगा दाबला, मशीन लगेच उठलं. दाबायच्या आधी फुगा अगदी चपटा होता.

खाडीवाला:
मग टाकी ते फुगा, एवढंच शोधायचं. टाकीतल्या नळीची जाळी आणि पाइप. पाइप बाहेरून बघू नका, कापून बघा.

भाटीकर:
जाळी साफ होती. पाइप कापला. बाहेरून धडधाकट, पण आतला थर सुटून पाकळीसारखा लोंबतोय. हळू चालताना बाजूला राहत असेल, जोरात ओढलं की आडवा येत असेल. रिंगचं काम रद्द.

इथेनॉल_हटाव:
म्हटलं नव्हतं? E20!

वसईचा_पाव:
पाइप किती वर्षांचा होता ते विचारा आधी.

पेन्शनर_मेकॅनिक:
नवा पाइप साधा पाण्याचा किंवा गॅसचा घेऊ नका, आउटबोर्डचाच, सोबत फुगाही. दोन्ही टोकांना क्लॅम्प हवेत, नाहीतर हवा ओढेल आणि परत इथे याल. आणखी एक. पेट्रोल कमी मिळत होतं तेव्हा तेलही कमीच मिळत होतं, तेल पेट्रोलातूनच येतं. म्हणून शनिवारच्या आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेज लावून मोजा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तुमचा मिस्त्री कदाचित बरोबर ठरेल.

भाटीकर:
गेज कोणाकडे आहे का? मालाड-मढ बाजूला?

कोळंबी_लव्हर:
गेज नाही. पण मग फोर-स्ट्रोकचं काय ठरलं?