रॉक बँडमध्ये कीबोर्ड: कणा की भरताड?

काळी_पाच

रॉक बँडची जुळवाजुळव सुरू झाली की ड्रम, बेस आणि दोन गिटार आधी ठरतात. पियानो-कीबोर्डचा विचार 'जमलं तर बघू' या खात्यात जातो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो, कारण रॉकचा ठेका पियानोतून आलेला आहे.

पुरावा गिटारच्याच हातात सापडतो. खालचा षड्ज धरून वर पंचम-धैवत, पंचम-धैवत असं हलत राहणारी रिदम गिटारची ती ओळखीची चाल म्हणजे बूगी-वूगी या जुन्या ब्लूज शैलीतल्या पियानोच्या डाव्या हाताचं काम. गिटारवादक चक बेरी ३१ डिसेंबर १९५२ ला जॉनी जॉन्सन या पियानोवादकाच्या त्रिकुटात बदली म्हणून वाजवायला आला आणि तिथेच टिकला. त्याच्या कितीतरी गाण्यांची पट्टी काळी पाच किंवा काळी दोन निघते. या पट्ट्यांत गिटारच्या मोकळ्या तारा फारशा कामाला येत नाहीत, पियानोवर मात्र हात आपसूक बसतो. पियानो वाजवत गाणाऱ्या लिटल रिचर्डचा उजवा हात ऐका. मात्रेला दोन असे सरळ, एकसारखे ठोके. त्या काळातले ड्रमवाले बऱ्याचदा अजून झोका देऊन वाजवत होते. पुढे अख्ख्या रॉकने हेच सरळ ठोके उचलले.

ज्याच्यावरून घराचा नकाशा काढला, त्यालाच ओसरीवर बसवायचं, हे मला पटत नाही.

सहातारा

उगम मान्य, पण उगम म्हणजे कणा नव्हे. इलेक्ट्रिक गिटार पुढे गेली ती फॅशन म्हणून नाही. पियानोची पट्टी दाबली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. ॲम्पसमोर उभं राहून गिटारचा सूर फीडबॅकवर (ॲम्पचा आवाज तारेला पुन्हा हलवतो त्यावर) हवा तेवढा धरता येतो, तार खेचून मींड घेता येते, तळहाताने तार दाबून ठोका कोरडा करता येतो. पियानोकडे यातलं फक्त शेवटचं आहे, तेही अर्धवट.

माझा खरा आक्षेप गंधाराबद्दल आहे. डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) लावलेली गिटार बहुतेक वेळा षड्ज-पंचम एवढंच वाजवते आणि त्याला कारण आहे. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ चा पंचम विकृत झाले की त्यांच्या फरकाचा ५५ हर्ट्झचा सूर तयार होतो. तो षड्जाचाच खालच्या सप्तकातला भाऊ, म्हणून आवाज भरदार होतो. आता त्यात शुद्ध गंधार घाला, १३८.६ हर्ट्झ. फरक येतो २८.६, आणि षड्जाच्या दोन सप्तकं खालचा सूर आहे २७.५. दोघं एकमेकांना घासतात आणि चिखल होतो. म्हणून गिटारवाला गंधार गाळतो आणि रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीला, ती ना आनंदी ना उदास अशी कडक धार येते. कीबोर्डवाला येतो, सवयीने पूर्ण कॉर्ड धरतो आणि गाळलेला गंधार परत आणून ठेवतो. रिफ तिथेच मऊ पडते.

मिक्सरमागून

दोघांच्या वादात आवाज बसवणाऱ्याची बाजू मांडतो. 'कीबोर्ड ऐकू येत नाही' आणि 'कीबोर्डने सगळं झाकलं' या दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकाच वाद्याबद्दल, एकाच गाण्यात येतात. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण स्टिरिओ पियानो. आतले नमुने दोन माइकने घेतलेले असतात. कीबोर्डवाला फक्त डाव्या, म्हणजे मोनोच्या जॅकमध्ये वायर लावतो. उजवा जॅक मोकळा असला की बरेच कीबोर्ड दोन्ही बाजू आतल्या आत एकत्र करतात आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खातात. मधली सप्तकं पोकळ, डब्यातून आल्यासारखी वाजतात. मग ईक्यू कितीही फिरवा, गेलेलं परत येत नाही. मोनोसाठी बनवलेला पियानोचा आवाज निवडा. तो नसेल तर दोन्ही जॅक लावा आणि पीएला (मंचाच्या मोठ्या स्पीकरना) एकच बाजू द्या.

दुसरं म्हणजे घरी हेडफोनवर निवडलेला आवाज. एकट्याने ऐकताना जाडजूड पियानो सुंदर वाटतो, बँडमध्ये तोच बेस आणि किक ड्रमच्या अंगावर बसतो. १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं कापा, ३०० च्या आसपास थोडं खाली घ्या, ३ ते ५ हजारांत थोडं उचला. एकट्याने ऐकलं तर किरटा वाटेल. वाटू द्या.

तिसरं, बोटांचा जोर. हळू दाबलेल्या पट्ट्या ड्रमखाली गायब होतात आणि जोरात दाबलेल्या कान फोडतात. व्हेलॉसिटीची (पट्टी दाबण्याच्या जोराची) खालची मर्यादा १२७ पैकी ६० च्या आसपास आणून ठेवली की निम्मं भांडण मिटतं. शिवाय आवाज बदलताना पातळी उडते. पियानो, ऑर्गन, पॅड यांची पातळी सरावातच, बँड चालू असताना जुळवायला हवी.

सस्टेन पेडल कॉर्ड बदलताच उचललं नाही तर वरचं सगळं करून उपयोग शून्य.

ड्रॉबार

सहातारा, तुमचा गंधाराचा हिशोब बरोबर आहे, पण तो ऑर्गनवाल्यांनाही ठाऊक आहे. डीप पर्पल बँडच्या जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शल या गिटारच्या ॲम्पमध्ये घातला, तेव्हा त्याच्यासमोरही हाच प्रश्न होता. १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बमवर गिटार आणि ऑर्गन रिफ एकत्र वाजवतात तिथे कान लावा. डाव्या हाताला दोनच सूर, बाकी मोकळं.

घरच्या कीबोर्डवर किंवा हॅमंडची नक्कल करणाऱ्या क्लोनवर हे करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. नऊ ड्रॉबारपैकी (सुराचे थर कमीजास्त करणाऱ्या ओढपट्ट्यांपैकी) पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी आत: ८८८००००००. जास्त उघडाल तितके सूर ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे ॲम्पच्या खरखरीत, एकमेकांत अडकतात. एक्सप्रेशन पेडल ड्राइव्हच्या आधी हवं, म्हणजे पाय दाबला की आवाजाबरोबर खरखरही वाढते. ड्राइव्हच्या नंतर लावलं तर खरखर तेवढीच राहते, फक्त लांब जाते. ही चूक सर्रास होते. लेस्लीचा (फिरत्या स्पीकरचा) परिणाम मात्र ड्राइव्हच्या नंतर. आधी ठेवलात तर फिरत्या हॉर्नमुळे येणारी आवाजाची चढउतार ड्राइव्ह सपाट करून टाकतो.

लेस्ली म्हणजे नुसता थरथराट नव्हे. ८०० हर्ट्झच्या वरचं हॉर्नकडे जातं, खालचं लेस्लीच्याच आतल्या फिरत्या ड्रमकडे. वेग वाढवला की हलका हॉर्न पटकन धावू लागतो, जड ड्रम काही सेकंद मागे रेंगाळतो. मधल्या काळात दोघं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि आवाज फुगत जातो. गिटार सोलो संपून कोरस सुरू होताना नेमका हा क्षण पेरायचा. गाणंभर वेगात ठेवलंत तर तो हातचा जातो.

आणि एक. परकशन (ऑर्गनच्या सुराला सुरुवातीला मिळणारा टोला) अधूनमधून लागत नाही अशी तक्रार असते. एक जरी पट्टी दाबलेली राहिली तरी पुढच्या सुराला परकशन मिळत नाही. बोटं पूर्ण उचला. खऱ्या हॅमंड बी-३ ऑर्गनवर परकशन चालू असताना नववा ड्रॉबारही मुका होतो.

सहातारा

माहिती सोन्यासारखी आहे, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. ऑर्गन रॉकमध्ये शोभला कधी? गिटारचा ॲम्प घेतला, गंधार सोडला, दोन सुरांवर आला तेव्हा. म्हणजे गिटारचे नियम पाळले तेव्हा.

काळी_पाच

ते गिटारचे नियम नाहीत, डिस्टॉर्शनचे आहेत. जो कोणी डिस्टॉर्शन लावेल त्याला ते लागू.

मींडेचं म्हणाल तर १९७० चा मिनीमूग सिंथेसायझर एका वेळी एकच सूर वाजवायचा, पण त्याला पिचचं चाक होतं. कीबोर्डवादक यान हॅमर गिटारवादक जेफ बेकच्या बरोबरीने त्यावर मींड घ्यायचा, सूर खालून खेचून आणायचा. यात उजवा हात पट्टीवर असतो आणि खरं गाणं डावा हात चाकावर गातो. ज्यांना जमत नाही ते बहुतेक वेळा सुरावर पोचल्यानंतर चाक हलवतात. आधी चाक खाली ओढून ठेवायचं, मग पट्टी दाबायची, मग चाक परत मधोमध आणायचं.

डोअर्स या बँडचं उदाहरण तर आहेच. मंचावर बेसवादक नाही. रे मॅन्झारेकचा डावा हात फेंडर ऱ्होड्सच्या पियानो बेसवर, उजवा व्हॉक्स काँटिनेंटल ऑर्गनवर. याला भरताड म्हणायचं?

सहातारा

स्टुडिओत डोअर्सनी बऱ्याच रेकॉर्डिंगना बेस गिटारवाला घेतला होता, हेही सांगा. पियानो बेसला सुरुवातीचा टोला कमी पडतो, किकच्या बरोबर तो बसत नाही.

माझी अट साधी आहे. बँडमध्ये बेस असेल तर कीबोर्डवाल्याने मधल्या सा च्या खाली जाऊ नये. डावा हात बाजूला ठेवावा.

ड्रॉबार

ऑर्गन आणि पॅडसाठी ही अट मला मान्य आहे.

काळी_पाच

मला नाही. बेस लांब सूर धरतो तिथे पियानोचा डावा हात त्याच सुरावर एक सप्तक वर तोडून मारा, पेडल न लावता, बेसच्या टोल्याबरोबर. बेसला नसलेली धार पियानोचा हातोडा देतो. बेस पळता असेल तेव्हाच डावा हात उचला. दोन्ही तऱ्हा एकाच गाण्यात वाजवून रेकॉर्ड करा आणि फक्त बेसकडे कान ठेवून ऐका.

मिक्सरमागून

हे चालतं, पण बेसवाल्याची तार आणि पियानो काटेकोर जुळलेले असतील तरच. नाहीतर फरक लांब सुरावर लाटेसारखा हलताना ऐकू येतो.