पडद्यावर मेलेला जवान

दोन-चार मित्र मेल्याशिवाय युद्धपटात बलिदान दिसतच नाही असं कुणीतरी म्हटलंय, ते शंभर टक्के पटलं. 'बॉर्डर'च घ्या, त्यात सुनील शेट्टीने केलेला भैरोसिंग शहीद होतो आणि थेटरात सगळे रडतात. पण खरे भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे, 1971 च्या युद्धातल्या राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परत आले, 1972 मध्ये त्यांना सेना मेडल मिळालं आणि ते वारले थेट 2022 ला, जोधपूरला, तेही 19 डिसेंबरला, म्हणजे आपल्या गोवा मुक्तिदिनी. सिनेमा येऊन तेव्हा 25 वर्षं झाली होती! जिवंत माणसाला मेलेला दाखवायचं, मला हे अजून पचत नाही.

आमचा फोंड्याचा मामा सैन्यात होता, तो लढाईबद्दल फारसं बोलतच नाही. पण रोज सकाळी चहा पितो तो एका चेपलेल्या स्टीलच्या मगातून, त्याच्या बुडाला खिळ्याने नंबर कोरलाय, तो मामाचा नाही, मित्राचा. पोस्टवरून खाली उतरताना मगांची अदलाबदल झाली, नंतर दोघांनीही परत मागितला नाही. मामी त्या मगाला कुणाला हात लावू देत नाही.