चोबे हाऊसबोट: एप्रिल की सप्टेंबर?

आफ्रिकेत बोत्स्वाना-नामिबियाच्या सीमेवरच्या चोबे नदीत हाऊसबोटीने फिरायला एप्रिलमध्ये जावं की सप्टेंबरमध्ये, असा प्रश्न आहे. हत्ती बघायचे असतील तर बिनधास्त सप्टेंबर. जंगलातले पाणवठे आटले की कळप दुपारनंतर नदीवर उतरतात आणि पोहून पलीकडे जातात. पाण्यावर फक्त सोंडेची टोकं दिसतात! पण तेव्हा पात्र उथळ असतं, मोठी बोट नांगरून ठेवतात आणि फेऱ्या छोट्या होड्यांतून होतात. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या.

खरी गोची व्हिसाची. विमान उतरतं बोत्स्वानातल्या कसाने इथे, पण बऱ्याचशा हाऊसबोटी नामिबियाच्या काठाला असतात. कसानेत एक्झिटचा शिक्का, होडीने इम्पालिला बेटावर नामिबियाची एंट्री, परतताना पुन्हा उलट. म्हणून बोत्स्वानाचा डबल एंट्री (दोनदा प्रवेशाचा) व्हिसा लागतो. काझा व्हिसावर इथे भागत नाही. तो झांबिया-झिम्बाब्वेचा संयुक्त व्हिसा, बोत्स्वानात फक्त दिवसभरापुरता चालतो.

नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस किमान 10 दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच सुरू करा.