लूनासा १ ऑगस्टलाच का? पीक उभं असेल तर?

शेतबांध: आयर्लंड-ब्रिटनमधले आजचे पेगन (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा नव्यानं पाळणारे) पहिल्या कापणीचा सण, लूनासा (इंग्लंडात लॅमस), १ ऑगस्टला करतात. तारीख पिकानं ठरवावी, असं माझं मत. तेव्हा हिवाळी जवाची कापणी उरकत आलेली असते, गहू मात्र बऱ्याच शेतांत उभा असतो. मग गेल्या वर्षीच्या पिठाचा पाव करून त्याला पहिलं धान्य म्हणायचं? दाण्यात नख रुतलं तर तो कच्चा. दाताखाली कडक फुटला की कापा.

मीठभाकर: साफ अमान्य. सणाला माणसं एका दिवशी जमावी लागतात. आयर्लंडच्या मीथ परगण्यात टेल्टाउनला जुन्या काळी या सणाचे खेळ भरायचे; 'गहू पिकला की कळवतो' म्हटलं असतं तर कोण आलं असतं?

शेतबांध: एक दिवस म्हणजे कुठला? आयर्लंडातच बघा, क्रो पॅट्रिक डोंगराची चढण जुलैच्या शेवटच्या रविवारी, किलॉर्गलिनची पक जत्रा १० ते १२ ऑगस्ट, बॅलिकॅसलची लॅमस जत्रा ऑगस्टअखेर. त्यात १७५२ मध्ये ब्रिटन-आयर्लंडात कॅलेंडर बदललं, ११ दिवस गळाले, जुनी १ तारीख १२ वर गेली. पेगनांचं वर्षभराच्या आठ सणांचं आखीव चक्र तर १९५० च्या दशकातलं.

दक्षिणवारा: ऑस्ट्रेलियात हेच चक्र उलटं फिरवून १-२ फेब्रुवारीला करतात. व्हिक्टोरियातला गहू तोवर कापून झालेला असतो, नवं पीठ हाताशी. पीक आधी, सण मागाहून, हे बरं जमतं.

भट्टीवाला: तारखेचं राहू द्या, पाव कुठे बिघडतो ते बघा. कापणीआधी पावसानं कणसातच दाण्याला मोड आले, की त्यातलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च फोडतं; पाव आतून गिच्च, सुरीला चिकटणारा. शंका असेल तर नवं पीठ चौथा हिस्साच घाला. जवाचंही तेवढंच, त्याच्या ग्लुटेनवर (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनावर) पाव उभा राहत नाही.
पेंढीच्या आकाराच्या पावाला पावाचा मैदा १ किलो, मीठ २० ग्रॅम, कोरडं यीस्ट ५ ग्रॅम, पाणी ५५० मिली. यीस्ट मुद्दाम कमी, पीठ घट्ट. सैल झालं की कात्रीनं काढलेली कुसळं भट्टीत मिटून जातात. तळाला काट्यानं टोचा, नाहीतर फुगे येतात. २२० अंशांवर २० मिनिटं, मग १६० वर अर्धा तास.

मीठभाकर: म्हणजे पावाला जुनं पीठच निर्धोक! नवी कणसं मांडा, पाव जुन्याचा खा. गोव्यात राय गावच्या चर्चमध्येही ५ ऑगस्टला आशीर्वादाला भाताची कणसंच नेतात.

शेतबांध: कणसं मान्य. पण शेतातली हवीत, फुलवाल्याकडची वाळवून रंगवलेली नकोत.